घड्याळाची चुगली

क्रिस्पिन,

दुपारी आपल्या त्या मूल होण्यासाठीच्या एआय अ‍ॅपने माझं अभिनंदन केलं. तुझ्या घड्याळात ठोके वाढलेले दिसले, म्हणजे आजचा प्रयत्न जोरदार झाला म्हणे! मी तर इथे एकटी मासे साफ करत होते. तणतणत तुझ्या आईंना फोन लावला, तर त्या हसतच सुटल्या. "अगं, तो ओबांडो गावच्या देवाच्या मिरवणुकीत नाचतोय, तुम्हाला मूल व्हावं म्हणून!"

"नाचून कुठे पोरं होतात?" असं दरवर्षी आईंना ऐकवणारा तू!

तिथेच नाचून आईंचा पाय मुरगळलाय, म्हणून त्यांना भात-कालवण पोचवायला चाललेय. तुझं ताट झाकून ठेवलंय. अ‍ॅप म्हणतंय, आज नवऱ्याला विश्रांती द्या.

घड्याळ काढून ठेव. मी आलेच.

– लुनिंग