गलबतावरचा चौथा माणूस

११ डिसेंबर १९२९, बेळगाव
सकाळीच वकीलसाहेबांच्या टिळकवाडीतल्या बंगल्यावर. बंदराचे छापील नियम पोस्टानं आलेत. इंग्रजी, बत्तीस पानं. म्हणाले, मराठी तुम्हीच करा, कोर्टात लागेल. न सांगता केलं असतं.

भरमाला जाऊन आज सव्वीस दिवस. धाकटा भाऊ, वय बावीस. तंबाखूच्या बोदांच्या, म्हणजे गाठींच्या, राखणीला गलबतावर गेला आणि बंदरापुढं नांगर टाकून उभ्या असलेल्या गलबतासकट बुडाला. ज्याचा माल आणि ज्याचं गलबत तो त. निपाणीत पान खात बसलाय. सात वर्षं त्याच्या वखारीत कारकुनी केली. आता त्याचं नाव पुरं लिहायला शाई घालवत नाही.

१३ डिसें.
नियम ४. उघड्यावर नांगर टाकला तर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट दोर सोडावा. दोर आखूड असला की नांगर धरत नाही, खरवडत येतो. तीनदा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं. आम्ही बैल बांधणारे. दावं आखूड तितकं जनावर आवरतं, एवढंच ठाऊक.

नियम ७. दुसरा नांगर सदा तयार.

नियम ९. बंदराच्या काठीवर काळा गोळा चढला की वादळ येतंय. जहाजानं खाडीत आत यावं, नाहीतर दूर समुद्रात निघून जावं. मध्ये थांबू नये.

त्या दिवशी गोळा सकाळीच चढला होता. गलबत हाकारणार कोण? त.नं तांडेलाला, म्हणजे गलबताच्या म्होरक्याला, आणि बहुतेक खलाशांना काठावर बोलावून घेतलं होतं, घाटावरून आलेल्या गाड्या रिकाम्या करायला. हमालांची वाट बघायला नको म्हणून. दुपारी वारा सुटला.

१६ डिसें.
सापडला!
नियम १२. नांगरावर असताना समुद्र जाणणारी निदान चार माणसं जहाजावर हवीतच. गलबतावर दोन खलाशी होते, एक म्हातारा स्वयंपाकी आणि भरमा. खलाशी पोहून निघाले, म्हातारा गेला. त्यातला एक खलाशी मला मागं सांगत होता, दुसरा नांगर टाकायला चार जाणते लागतात. तुमचा भाऊ जीव तोडून ओढत होता, पण कुठला दोर ओढायचा ते त्याला कळत नव्हतं. मला हे रोज ऐकू येतं.

त., तुला पिंजऱ्यात उभा करीन तेव्हाच पोटभर जेवीन.

१९ डिसें.
बोरगावहून मामा आले. दोन तास समजूत. आपला धर्म क्षमेचा, वैरानं वैर वाढतं, आईकडं बघ. मी म्हटलं, भादव्यात पर्युषणाला सगळ्यांची क्षमा मागून झाली होती, हे कार्तिकात घडलंय, पुढच्या भादव्यात बघू. मामांना राग आला. जेवले नाहीत. बरं वाटलं नाही, पण शब्द परत घेतला नाही. डूख धरलाय म्हणतात. धरलाय.

२२ डिसें.
त.च्या वकिलाचं उत्तर. गलबतावर नियमाप्रमाणे चार दर्यावर्दी हजर होते, नावांची यादी बंदराच्या कचेरीत दाखल आहे. वा! चोराच्या उलट्या बोंबा. स्वयंपाकी म्हातारपणी स्वयंपाकी झालेला, जन्म दर्यावर गेला, तो धरला तरी तीनच. चौथा कुठून आणला? कुठल्या तरी मेलेल्याचं नाव घातलं असणार. यादीची नक्कल मागवली.

वकीलसाहेबांना माझा उत्साह फार आवडत नाही. म्हणाले, जरा झोपत जा.

२ जानेवारी १९३०
नक्कल आली.
चौथं नाव भरमाचं. धंदा खलाशी. दर्याचा अनुभव तीन वर्षं. पोहता येतं का: उत्तम.

ज्यानं बोरगावची वेस सोडली ती फक्त बाजाराला आणि जत्रेला, तो खलाशी. त.च्या सात पिढ्या
पुढचं उद्या.

३ जाने.
‘उत्तम’ हा शब्द माझा आहे.

काल नक्कल हातात घेतली तेव्हाच कळलं होतं. तरी त.ला शिव्या घालत बसलो. आता लिहूनच टाकतो. दिवाळीच्या आधी वखारीत त.नं छापील कागद माझ्यापुढं टाकला. म्हणाला, राखणदाराला गलबतावर शिजवलेलं मिळत नाही, खलाशी म्हणून घाल म्हणजे दोन वेळचं गरम खाईल. अनुभव तीन वर्षं लिही, कोण बघतंय. मी लिहिलं. गरम खाईल म्हणून लिहिलं. पोहण्याचं कोणी सांगितलंच नव्हतं. नुसतं ‘होय’ पुरलं असतं. पण आमच्या विहिरीत पडलेली घागर एका बुडीत वर काढायचा तो. पुरात दूधगंगा ओलांडलेली. मला त्याची ऐट. ‘उत्तम’.

समुद्र मी पाहिला नव्हता. त्यानंही नाही. आणि ती राखण त्याला मिळावी म्हणून त.च्या नाकदुऱ्या मीच काढल्या होत्या.

५ जाने.
वकीलसाहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग सरळ बोलले. यादी आहे तशी राहिली तर चार माणसं भरतात, त. सुटतो. ती खोटी आहे आणि त.नं जाणून लिहवून घेतली, हे सांगणारा जगात एकच माणूस आहे. तो बोलला तर त. अडकेल. पण खोटं लिहिल्याचा जाब त्यालाही द्यावा लागेल. शिक्षा होईल न होईल, सांगता येत नाही. विचार करा म्हणाले.

विचार काय करायचा? त.बरोबर उभं राहावं लागलं तरी

७ जाने.
खडेबाजारात त.च्या मुनीमानं गाठलं. हा एकेकाळी माझ्याच गादीवर बसून माझा चहा प्यायचा. आवाज खाली आणून म्हणाला, “मालक म्हणत्यात, अक्षर कुणाचं हाय ते साऱ्या निपाणीला ठावं हाय. तुमी गप बसा, आमी बी गप बसतो.”

मी तसाच पुढं चालू लागलो. त.ला वाटतं, मी माझी कातडी वाचवीन. त्याच्यासोबत बुडायला मी तयार आहे, हे त्याला ठाऊक नाही. तुरुंगाचं मला काही वाटत नाही. आईला कोण सांगणार, एवढंच राहिलंय.

१० जाने.
दुपारच्या मोटारीनं आई आली. एकटीच. मामांनी तिला अर्धंच सांगितलंय, की कोणीतरी कागदावर भरमाला खलाशी लिहिलं म्हणून तो गलबतावर राहिला. मामांनाही मी पत्रात अर्धंच कळवलं होतं.

गाठोडं सोडलं, चूल पेटवली, दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून घाई. भाकरी थापता थापता विचारलं,
“अण्णा, त्यो लिवणारा कोर्टात येणार हाय का रं?”
म्हटलं, येईल.
“मग मला त्याच्याम्होरं बसव. मला काय बोलायचं न्हाय. कसल्या हातानं लिवलं, तेवढं बघायचं हाय.”

आत्ता सांगावं, असं वाटलं. तिनं ताट वाढलं, भाकरीवर तूप घातलं आणि समोर बसली, मी जेवतो की नाही ते बघायला. दोन भाकरी खाल्ल्या. ती माझ्या हाताकडंच बघत होती. बारीक झालास म्हणाली.

कोर्टाची तारीख सोमवारी आहे. टांगेवाल्याला दहाला यायला सांगितलं. दोघांसाठी.