तिसाव्या दिवसाचा उपवास

मी, श्रीधर योहान खंडारे, वय ७१, धर्म ख्रिस्ती, धंदा शिवणकाम (नजर अधू झाल्याने बंद), राहणार सिंदी (रेल्वे), ता. सेलू, जि. वर्धा, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणायला घरात माणसं आहेतच किती!

१. राहते घर, दोन खोल्या व मागचे अंगण, मुलगा अभिराम यास मिळावे. पश्चिमेकडून छत गळते, हे लपवत नाही.

२. शिवणयंत्र, इस्त्री व मोठी कात्री सून स्वरदा हिला द्यावी. त्या कात्रीने कागद कापू नये. किती वेळा सांगितलं बाई तुला!

३. आमच्या चर्चचे दुसरे पंच रूपराव यांस माझ्या मालमत्तेतील काडीही देऊ नये. प्रार्थनेत यांचं "आमेन" सगळ्यात मोठं, आणि कब्रस्तानाची माती वाहिली ती यांच्याच ट्रॅक्टरने. मयतीला आले तर बसू द्या, खांदा देऊ देऊ नका.

४. हे का, तेही सांगून ठेवतो. दर रविवारी राज्यकर्त्यांची नावं घेऊन प्रार्थना करायचं काम अठ्ठावीस वर्षं माझ्याकडे होतं. पंतप्रधानांपासून तलाठ्यापर्यंत सगळे. यादी मी पेन्सिलीने लिहायचो, कारण सरकारं भराभर पडायची. बायबलातला बाबेलचा राजा मी लोकांना रंगवून सांगायचो. गच्चीवरून शहर पाहून तो म्हणाला, हे सारं माझं. देवाने त्याला बैलासारखं गवत खायला लावलं, वरचा राजा कोण हे कबूल करेपर्यंत.

१९९८ साली सरकारी विश्रामगृहासाठी आमचं कब्रस्तान घेण्याची नोटीस लागली. हरकतीला मुदत तीस दिवस. अभिरामने अर्ज टाइप करून आणला. खाली पंच म्हणून माझी सही लागत होती. मी नाही म्हणालो. अधिकारी देवानेच नेमलेले, राजाचं मन त्याच्याच हातात, तो वळवील.

"बाबा, देव काई अर्ज घेऊन कचेरीत जाणार नाई. सही करून द्या ना! आई हाय तिथं."

"तुले विश्वासच नाई," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

साऱ्या मंडळीला मी तीन दिवस उपवास करायला लावला. तिसऱ्या उपवासाला मुदत संपली.

माती खोदायचं यंत्र आलं. सतरा कबरी होत्या. आम्हाला कळेपर्यंत माती रस्त्याच्या भरावात गेली होती. अभिराम दोन दिवस भरावावर फिरून अर्धं पोतं हाडं घेऊन आला. माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "सांगा, यातली आई कोणती?" चाळीस वर्षं संसार केला, पण मला सांगता आलं नाही. ती हाडं आम्ही वर्ध्याला एका खड्ड्यात पुरली.

नोटीस काढणाऱ्या साहेबांनी काही गवत खाल्लं नाही. बढती मिळून गेले. मंत्री येतात तेव्हा त्या विश्रामगृहात उतरतात, आणि पुढेही कित्येक रविवार मी त्यांच्या आरोग्यासाठी हात जोडले.

अभिराम आता चर्चला येत नाही. माझ्याशी भांडतही नाही. "बरोबर हाय बाबा," म्हणतो आणि ताट सरकवतो. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

५. देव सगळ्या राज्यांच्या वर आहे, हे मी आजही मानतो. तेच मला खातं. तो वर नसता तर साहेबाला शिव्या घालून मोकळा झालो असतो. आता कोणाकडे दाद मागू?

६. मला सुमतीजवळ पुरावं, एवढं एकच कलम लिहून घ्यायला आज बसलो होतो. माझी बायको त्या खड्ड्यात आहे की रस्त्याखाली, कोणालाच माहीत नाही. म्हणून ते कलम रद्द. अभिरामला सोयीचं पडेल तिथे पुरावं.

वरील मजकूर वाचून दाखविला, तो बरोबर आहे.

सही: श्रीधर योहान खंडारे

साक्षीदार:
१. भैयाजी ठाकरे, मजकूर लिहिणार, निवृत्त पोस्टमन
२. कौशल्याबाई मून, शेजारी

ठिकाण: सिंदी (रेल्वे)
दिनांक: ९ फेब्रुवारी २००३