चिमणीची भूक

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे, म्हणजे दमलेली आहे. प्रयोगशाळेतला फ्रीझर पुन्हा बंद पडला, बर्फाच्या पेट्या उचलून कंबरडं मोडलं. तुझी पाठ कशी आहे? फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहितेय.

लेकीला, आपल्या चिमणीला, पुढच्या आठवड्यात वसतिगृहात टाकतोयस म्हणे, शिस्त लागावी म्हणून. कपाटाला कुलूप घातलं तरी ती कच्चं पीठ खाते. तू वैतागलायस, कळतं मला.

माझं काम काय, हे तू कधी विचारलं नाहीस, तरी ऐक. मेंदूत आणि त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीत काही हार्मोन्स आधी लांबलचक तयार होतात. एक एन्झाइम कात्रीसारखं ती नेमक्या जागी कापतं. त्यातलाच एक तुकडा मेंदूला सांगतो, पोट भरलं. कापड आहे पण कात्री नाही, तर सदरा कुठून शिवणार? ही कात्री बोथट असलेले उंदीर आहेत आमच्याकडे. सारखे खातात, फुगतात. त्यांना आम्ही कधी हावरट म्हणत नाही, काय बिघडलंय ते शोधतो. आणि घरच्या पोरीला मीसुद्धा "पुरे आता" म्हणून ताटावरून उठवलंय.

आता खरं सांगते. मागे माहेरी जाते सांगून निघालेली वहिनी तिकडे गेली नव्हती, चिमणीला घेऊन माझ्याकडे आली होती. तान्हेपणीचे ते न थांबणारे जुलाब, जेवणानंतरची चक्कर, सगळं तिनं सांगितलं आणि मला तीच कात्री आठवली, ती पचनालाही लागते. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. परवाही दोघी लग्नाला गेल्या नव्हत्या, निकाल ऐकायला आल्या होत्या. चिमणीची ती कात्री जन्मापासून मोडलेली आहे. बिघाड तुम्हा दोघांकडून मिळून आलाय, त्यात चूक कुणाचीच नाही. औषध आहे, डॉक्टर मागवायच्या खटपटीत आहेत. कुलपाचं काय करायचं तेही तेच सांगतील. वसतिगृह मात्र रद्द कर. तिथे तिला कोण समजून घेणार?

वहिनीवर चिडू नकोस, माझ्यावर चिड. तुला आधी विचारलं असतं, तर नखरे म्हणून उडवून लावलं असतंस.

डॉक्टरांचं ऐकून चिमणीनं माझी बाही ओढली. मग म्हणाली, "आत्या, म्हणजे मी वाईट नाही?"

नाही गं राणी, म्हटलं मी. तर मान हलवून म्हणते, "तू नको. बाबांना सांगायला सांग."

ती आत्ता शेजारच्याच खोलीत असेल. हे पत्र ठेव आणि आत जा.

तुझ्यावर रागावून थकलेली,
तुझी धाकटी बहीण