एवढं तरी सांगायचं होतंत, बाबा

आचरा

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहिलं ते रीत म्हणून. तुमचं तेरावं होऊन आठ दिवस झाले, मला रडू आलेलं नाही. आज लिहायला बसले, कारण सकाळी मुंबईहून तुमच्या लॉजमधले एक गृहस्थ भेटायला आले होते.

गोवा सुटला त्याच्या आदल्या वर्षी माझं लग्न मसुऱ्याला ठरलं होतं, आठवतं ना? तुम्ही बोटीने रजेवर आलात. आईने तुमची ट्रंक उन्हात रिकामी केली, तर आत पांढऱ्या मऊ कातड्याचं एप्रन! "ह्यां कसला ओ?" तिने विचारलं. तुम्ही ते ओढून घेतलंत आणि घडी करून परत ट्रंकेत टाकलंत. शेजारणीने पाहिलं होतंच. मुंबईला राहून आलेल्या कुणीतरी सांगितलं, हे फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळींचं, जादूघरवाल्यांचं; त्यांच्या मंडळाला लॉज म्हणतात. दोन दिवसांत गावभर झालं की गोदीतले हेडक्लार्क बाटले!

मुलाचे वडील स्वतः आले. भला माणूस. हात जोडून म्हणाले, "माका बाकीचा काय नको. देवाक मानतास मां? एवढाच सांगा."

आणि तुम्ही? त्याच सकाळी तासभर देवपूजा केलेले तुम्ही म्हणालात, "मियां शपथ घेतलंय. माका काय सांगाक जमाचा नाय."

मी दाराआड उभी होते, बाबा. दुसऱ्या दिवशी साखरपुड्याची साडी परत न्यायला माणूस आला. नंतर कुणी विचारायला आलंच नाही. काकाने तर आपल्या घरचं पाणी सोडलं.

आज हे सगळं ऐकून ते गृहस्थ थक्क झाले. "अहो, देव न मानणाऱ्याला आम्ही घेतच नाही! हे कुणालाही सांगावं. लपवायच्या त्या फक्त आमच्या खुणा आणि परवलीचे शब्द."

कचेरीतला कागद तीनदा वाचल्याशिवाय सही न करणारे तुम्ही! शपथ नीट समजून घेतली नाहीत? निदान एक पत्र टाकून विचारायचंत!

तुमच्यात न्यायमूर्ती होते म्हणे, डॉक्टर होते, साधे कारकूनही. आत गेल्यावर सगळे एकमेकांचे भाऊ. हे सांगताना त्यांचे डोळे भरले, माझे नाही भरले. मोठा साहेब आपल्याला भाऊ म्हणतो, याचंच तुम्हाला अप्रूप होतं ना? एक शब्द जास्त बोललो तर ते जाईल, म्हणून घाबरलात. माझं काय होईल याची भीती नाही वाटली?

ते आले तेव्हा आई परसात होती. तिला वाटतं, तुम्ही कसलं तरी फार मोठं वचन पाळलंत. गावाचे टोमणे तिने आठ वर्षं त्याच अभिमानावर सोसले. "शब्दाचो माणूस हो तो," परवाच मला म्हणाली.

तिला मी खरं सांगणार नाही, हे वचन देते. ती असेपर्यंत तिच्यासमोर तुमच्याबद्दल वाईट शब्द काढणार नाही. तुमच्यासाठी नाही हं, तिच्यासाठी. तिने विचारलंच, तर मीही तुमच्यासारखीच गप्प बसेन.

तुमचीच,
शालू