दुपारी मिटणारा गहू

सर, मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना तुम्ही शिकवलेलं नसणार. आज तुमच्यावरचा जुना राग पुन्हा वर आला, म्हणून लिहायला बसले.

नांदेडच्या कॉलेजातलं तुमचं प्रॅक्टिकल आठवतं. बटाट्याच्या फोडीत गव्हाचं पान धरायचं आणि ब्लेडनं असा पातळ काप घ्यायचा की पलीकडचं दिसावं. माझे काप जाडेभरडे. "भाकरी थापून राहिली का पोरी?" असं सगळ्यांसमोर म्हणालात आणि काप जमेपर्यंत मला उठू दिलं नाहीत. जमला तेव्हा सूक्ष्मदर्शकातून पानाच्या वरच्या कातडीतल्या त्या टपोऱ्या पेशी दाखवल्यात. पाणी तुटलं की आधी त्या आकसतात, पान आत वळून त्याची सुरळी होते, वाफ सोडणारी बरीच छिद्रं आत झाकली जातात. मग वाळलेलं कोणतं आणि मिटलेलं कोणतं, हे ओळखायचं कसं, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "सकाळी जाऊन बघायचं. उलगडलं तर जित्तं हाय." जाताना स्वतःचं भिंग माझ्या हातात ठेवलंत. रागावल्याची भरपाई असावी.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी तिथल्या गव्हाच्या प्रयोगशेतावर नवीन लागले होते. पाऊस दगा देऊन गेलेला. उमरीकडून तुम्हीच आणलेला अरुंद पानांचा बन्सी गहू एका वाफ्यात, शेजारी रुंद पानांचा नवा वाण. पाहणीला समिती येणार म्हणून तुम्ही मुद्दाम नांदेडहून एसटीनं आलात. आपण दोघं सकाळपासून बांधावर उभे. साहेब लोक आले ते आधी हुरड्याला बसले. आपल्याकडं पाहुण्याला हुरडा न देता शेत दाखवायचं म्हणजे पाप! विहिरीजवळची तेवढी ज्वारी राखली होती, ती भाजली, चटणी आली, दही आलं, आणि वाफ्यांपर्यंत पोचेस्तोवर सूर्य डोक्यावर. बन्सीची पानं मिटून काड्यांसारखी झालेली. रुंद पानांचा वाण ऐटीत पसरलेला, हिरवागार. जमिनीतली ओल तो किती दिवसांत संपवणार, हे कोण विचारतंय. प्रमुख म्हणाले, "मास्तर, हे तर वाळून चाललं की." मी तुमच्याकडं पाहिलं. एका जाड कापावरून मला रडवणारे तुम्ही, हात जोडून म्हणालात, "हाव साहेब."

बन्सी कापून जनावरांपुढं टाकायचं ठरलं. मी म्हटलं, सर, मुक्काम करा, सकाळी पानं उलगडली की पुन्हा बोलू. तुम्ही म्हणालात की प्रयोगाचे बाकीचे वाफे तरी वाचले, आता ताणलं तर तेही जातील. आणि संध्याकाळची गाडी धरलीत. लई चीड आली होती तुमची. सकाळी कापणी झाली, मी एकटी बांधावर. एकेक पान सरळ, उघडं, आणि विळा चाललेला.

त्यानंतर तसाच गहू हिमायतनगरच्या बाजूनं पुन्हा गोळा केला, वर्षानुवर्षं निवडला. आज त्याची पाहणी होती. आता मीच समितीत सल्लागार आहे. सगळ्यांना सकाळी सातला या म्हणून चारदा फोन केले. आले साडेअकराला, आणि बसले हुरड्याला! मग भर उन्हात वरून फोटो काढणारं यंत्र उडवलं. अधिकारी पोरगा चांगला आहे, अदबीनं म्हणाला, "मॅडम, या वाफ्यात तर नुसती माती दिसून राहिली." मी मिटलेलं पान उलगडून दाखवलं, तुमचं भिंग पुढं केलं. त्यानं बघितलंही. पण हिरवेपणाचा आकडा फोटोवरून निघतो म्हणे. अध्यक्ष घड्याळ बघून म्हणाले, हा वाफा कापून टाका, इथंच अडून बसलात तर उरलेले तीन वाफेही पुढच्या वर्षी पेरायचे की नाहीत, बघावं लागेल. तुमच्या जागी मी असते तर काय काय सुनावलं असतं, ते सगळं मला तोंडपाठ होतं, सर. इतकी वर्षं तेच घोकत आले.

मी म्हणाले, "बरं."

तुम्ही असता तर हे पत्र टाकलं नसतं, आणि आता तुम्ही नाहीत, तर टाकायचं कुठं? उद्या सकाळी माणसं कापायला येतील तेव्हा पानं उलगडलेली असतील. मी जाणार नाही. माझ्याच्यानं ते बघवणार नाही, सर.