खंडेनवमीला उचललेला पाना

दादा, परवा चंदनापुरी घाटात माझी गाडी चढाला दमली. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी ओढ नाही, मागे काळा धूर, आणि बॉनेटखाली कुणी दातांच्या फटीतून हवा सोडावी तसा आवाज. संगमनेरच्या गॅरेजवाल्याने गाडीला कॉम्प्युटर जोडला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, टर्बो गेला." मी म्हटलं, आधी इंटरकूलरचा रबरी होज खालून चाचपून बघा. त्याने नाखुशीने हात घातला. होजच्या पोटाला बोटभर चीर होती. "मॅडम, तुम्ही या लाइनमधल्या का?" त्याने विचारलं. शाळेत विज्ञान शिकवायचे, एवढंच मी सांगितलं. या लाइनमध्ये मी का आले नाही, हे मला कुणी विचारलं तर सांगता येत नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली, तरी सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि घरी आले, तेव्हा तुमचं वर्कशॉप नागापूरच्या एमआयडीसीत चांगलं चालत होतं. बापाचं वर्कशॉप लेकीने पुढे चालवावं, असं मला वाटत होतं. जेवताना मी एकदाच तसं म्हणाले. तुम्ही घास न थांबवता म्हणालात, "दसऱ्यापास्नं ये. बघू." तुमच्या 'बघू'चा अर्थ घरात कुणालाच नीट लागायचा नाही. मी तो 'हो' असा लावला आणि दुसऱ्या दिवसापासूनच दुपारी येऊन बसायला लागले. दसऱ्याच्या आत तुम्हाला पटवायचं होतं, की नट ढिले करण्यापलीकडेही मला काही येतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वर्कशॉपातले मोठे मिस्त्री सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन पोत्यावर मांडायचे. पाने, पक्कड, जॅक, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांतलं एकही कुणी उचलायचं नाही. आपल्या घरातला देव्हारा आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच गेला होता. भिंतीवर फक्त बुद्धाची तसबीर. तरी दरवर्षी पूजा चालू असताना तुम्ही शटरपाशी हात मागे बांधून उभे राहायचात. हात जोडायचा नाहीत, पण खोबरं खायचात. लहानपणापासून पाहत आले आणि दरवर्षी वाटायचं, हे काय आहे?

त्या खंडेनवमीला दुपारी पूजा आटोपली आणि राजूरच्या डॉक्टरीणबाईंची पांढरी फोर व्हील ड्राइव्ह दारात आली. त्यांच्या दवाखान्याला वरच्या वाड्यांवर नेणारी ती एकच गाडी. मीटिंगसाठी नगरला आल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "चढाला बैलगाडीवानी चालतीय ओ दादा. शिटी बी वाजतीय." बाई म्हणाल्या, "एकाने टर्बो बदला म्हणून सांगितलंय. पण मला आज राजूर गाठायचंय." तुम्ही गाडीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "बघ."

बस, एवढंच. आणि मी सरळ पोत्यापाशी जाऊन फुलं बाजूला सारली आणि दहा नंबरचा पाना उचलला. बोटांना हळद लागली. मिस्त्री म्हणाले, "ताई, आज न्हाई." मी म्हणाले, "गाडीला तिथी कळत नाही, मिस्त्री." टर्बो इंजिनात हवा कोंबतो, इंटरकूलर ती वाटेत थंड करतो, दोघांना जोडणारा तो जाड रबरी होज. त्याची क्लिप सोडून मी आत बोट घातलं. बोट तेलकट. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "टर्बोचं सील गेलंय. उतरवावा लागेल." बाईंनी मान डोलावली. मिस्त्री टोपी घालून बाहेर जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

"ठेव त्यो पाना," तुम्ही म्हणालात. "पुसून ठेव." मग माझ्या बोटाकडे बघून, "थोडं त्याल येतंच. शिंकल्यावर नाक वलं हुतं, म्हनून नाक कापून टाकायचं का?" ड्रायव्हर हसला. तुम्ही त्याच्याच गाडीतला पाना मागितलात, होज पुन्हा बसवलात. जुन्या पांढऱ्या बनियनच्या चिंध्या फाडून प्रत्येक जोडावर एक आणि होजच्या मधोमध एक बांधलीत. "मिस्त्री, चला आत बसा. वजन पायजेल," अशी हाक मारलीत. मिस्त्री क्षणभर तसेच उभे राहिले, मग आले. तुम्ही, मी, बाई, मिस्त्री आणि दोन कामगार, सगळे कोंबून विळद घाट चढलो. बाईंच्या मांडीवर मिस्त्रींची टोपी पडली, त्यांनी ती झटकून परत दिली. वर जाऊन बॉनेट उघडलं. जोडांवरच्या चिंध्या पांढऱ्याच होत्या. मधली काळी, निसटत्या हवेबरोबर आलेल्या तेलाने माखलेली. तुम्ही खालून हात फिरवलात. "हितं." गाडी उभी असताना चिरेचे ओठ मिटलेले, चढाला हवेचा दाब आला की उघडणारे. वर्कशॉपात परत येऊन तुम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी त्यावर ताणून गुंडाळलीत. "नवा होज मिळस्तवर दम धरंल. दाबून चालवू नका." बाई निघाल्या आणि त्याच संध्याकाळी राजूरला पोचल्याही.

गाडी गेली तशी, मिस्त्रींच्या देखत, तुम्ही म्हणालात, "तू साळंत शिकव. तितं तू म्हनशील त्येच खरं." पुढच्या आठवड्यात संगमनेरच्या शाळेचा अर्ज आणून माझ्यापुढे ठेवलात. मी भरला. तुमच्यामागे वर्कशॉप मिस्त्रींनी चालवलं.

पंचवीस वर्षं शाळेत मी कॉपी करणाऱ्या मुली एका नजरेत ओळखल्या. कोण चुकलं हे ठरवायला मला मिनिट लागायचं नाही. इथे मात्र ठरत नाही. मला बाजूला केलंत ते तेल बघून टर्बो म्हणाले म्हणून, की पाना उचलला म्हणून? की दोन्ही नाही, मुलगी म्हणून? हत्यारं बंद असलेल्या दिवशीच मला 'बघ' म्हणालात, म्हणजे नुसत्या हातांनी बघ असं म्हणायचं होतं का? मी बाईंना 'उद्या या' म्हणाले असते तर तुम्ही खूश झाला असता, की चिडला असता? आईने नंतर सांगितलं, वर्कशॉप काढलंत तेव्हा तुमच्या हाताखाली काम करायला गावातलं कुणी येईना. मिस्त्री पाटलाच्या घरातले, तरी आले. त्यांची अट एकच, खंडेनवमीची. म्हणजे तो दिलेला शब्द होता. हे मला पटत आलं होतं, तेवढ्यात आई म्हणाली, "आन त्येंला झेंडूचा वास लई आवडायचा." आता यातलं मी काय धरू?

मागच्या वर्षी एका लग्नात मिस्त्री भेटले. थकलेत. मी त्या पान्याबद्दल विचारलं. "कोन्ता पाना? मला न्हाई बा आठवत ताई. तुमी टर्बो म्हनल्या हुत्या, त्येवढं आठवतंय," आणि ताटातला लाडू बाजूला ठेवून खोकला येईपर्यंत हसले. आजवर मनात धरलेला त्यांचा अपमान त्यांनाच आठवत नव्हता. मी ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसले.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. नवऱ्याला, मुलांना, सगळ्यांना मी हेच सांगत आले, की त्या दिवसानंतर तुम्ही मला कधी वर्कशॉपला बोलावलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, तुम्ही माझ्या खोलीच्या दारात आला होता. अंगात विहारात जायचा पांढरा सदरा असणार, पण हातातल्या शटरच्या किल्ल्या वाजल्याचंही मी ऐकलं. "उठलीस का? चलतीस का?" एकदाच विचारलंत. कुठे, ते सांगितलं नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या माणसासारखा संथ श्वास घेत राहिले. तुम्ही बराच वेळ थांबलात. मी जागी होते, दादा.