सुरक्षित जलमोहीम

२३ जून १९९६, रविवार. सासुरवाडी, पाटणच्या वर.
धोंड्याचा महिना, त्यामुळे जावयाचा मान. तेहतीस अनारसे. दुपारी माडीवर पडलो होतो. खाली आमची राजेश्वरी तिच्या आजीला सांगत होती की पप्पा सांगतात लय, करत काय न्हाईत. पोटची पोर, यंदा दहावीला, आणि वडिलांबद्दल हे मत! झोप उडाली. (नंतर लागली.)

संध्याकाळी घरामागच्या ओढ्यावर गेलो. डोंगरावरून उड्या मारत येतो, खाली कोयनेला मिळतो. नुसता पांढरा फेस. शाळेच्या लायब्ररीतल्या इंग्रजी मासिकात हेच बघितलं होतं. परदेशी लोक हेल्मेट घालून असल्या पाण्यातून बोटी हाकतात. व्हाइट वॉटर! जेवताना जाहीर केलं: वरच्या फरशी पुलापासून खालच्या देवळापर्यंत, अर्धा किलोमीटर, ट्यूबवर बसून, याच पावसाळ्यात, मी स्वतः. सासरे आप्पासाहेबांना ठसका लागला. पण जावयाला नाही म्हणायची या घरात पद्धत नाही. एकमताने मंजूर.

राजेश्वरी माझ्याकडे टक लावून बघत होती. आता बघच म्हणावं.

२४ जून. कराड.
संकल्प. आधी सुरक्षितता, मग धाडस. पोहायला शिकणे. वजन पाच किलो कमी करणे. अठरा वर्षं भूगोल शिकवतोय, नदीचं खनन, वहन आणि संचयन झोपेतसुद्धा सांगेन. पोहणं ही किरकोळ बाब आहे.

३० जून.
कृष्णेवर गेलो. पाणी गढूळ. गढूळ पाण्यात शिकणं असुरक्षित. घरी येऊन स्टुलावर पालथा पडलो आणि हातपाय मारले. दहा मिनिटांत तत्त्व लक्षात आलं. स्टूल मोडलं. सौ. म्हणाली, चला, बुडाला तरी न्हाईत.

७ जुलै, रविवार.
मेहुणा जयराज आला. फौजेत हवालदार, दोन महिन्यांच्या रजेवर. म्हणाला, दाजी, ट्रकची ट्यूब मिळवलीय, पुढच्या रविवारी जाऊ. वढा पावसानं चढतो अन् चार तासांत उतरतो, येळ धराय पायजे. फौजी माणसाला सगळ्याची घाई. त्याला माझी नियमावली वाचायला दिली. एकूण तेवीस कलमं. कलम सात, जेवणानंतर दोन तास पाण्यात उतरू नये. कलम बारा, रीतसर उद्घाटनाशिवाय मोहीम सुरू करू नये. त्याने शेवटपर्यंत वाचली, घडी घालून परत दिली आणि अक्का, चहा टाक म्हणाला. प्रभावित झालेला दिसला.

२१ जुलै.
वल्ही तयार. भाऊसो सुताराकडून मुद्दाम बाभळीची करून घेतली, म्हणजे मोडायची भीती नको. हौदात टाकून चाचणी घेतली. बुडाली. पण मजबूत आहेत.
सौ.ने थर्मोकोलचं जाकीट शिवलं. घातल्यावर बसता येत नाही. उभं मात्र छान राहता येतं.
वजन: दीड किलो वाढलं. जाकिटासकट मोजलं असावं.

४ ऑगस्ट, रविवार. सासुरवाडी.
मोहिमेचा दिवस. पहाटेपासून धो धो पाऊस, ओढा दोन्ही काठ भरून. मी नऊ वाजता तयार होतो, हेल्मेटसकट. पण जावई आला आणि तोही आषाढात, म्हणजे मटण आलंच. सासूबाई वाढत होत्या. आवं घ्या की पाव्हणं, काय खाल्लंसा तरी! तीनदा रस्सा घेतला. नको म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान. साडेअकराला हात धुतले आणि कलम सात लागू झालं. नियम तो नियम. दोन तास आडवा झालो. जाग आली ती पाचला. ओढा उतरलेला.

मोहीम पुढे ढकलल्याचं मीच सांगितलं. कुणी तोंड वाकडं केलं नाही. उलट सगळे खुशीत होते, जयराज शीळ घालत होता आणि राजेश्वरी तर कारण नसताना हसत होती. निराशा चेहऱ्यावर न दाखवण्याचा गुण तिने माझ्याकडून घेतला.

११ ऑगस्ट, रविवार. सासुरवाडी.
आज घास मोजून खाल्ले. उद्घाटक म्हणून दूध सोसायटीचे चेअरमन मानसिंगराव. सकाळी नऊची वेळ दिली होती, वाटेत दोन सत्कार स्वीकारत तीनला पोचले. नऊला ओढा गर्जत होता, तीनला गुडघाभर. तरी उतरलो असतो, पण मानसिंगराव ‘पाणी अडवा’ या विषयावर पाऊण तास बोलले आणि मग मला फेटा बांधला. फेट्यावर हेल्मेट बसेना. फेटा काढावा तर चेअरमन समोर बसलेले. ढकलली पुढे.
परतताना एसटीत राजेश्वरीने विचारलं, पप्पा, पुढच्या रविवारी नक्की ना? नक्की म्हणालो.

१८ ऑगस्ट. थोडी सर्दी.

२५ ऑगस्ट. सर्दी बरी. एसटीला गर्दी.

८ सप्टेंबर.
जयराज रजा संपवून गेला. जाताना म्हणाला, दाजी, आता घाई करू नगा. नियमावलीचं महत्त्व फौजेलाही पटलं तर!

२९ सप्टेंबर.
गणपती झाले, आता पितृपक्ष. शुभकार्य वर्ज्य. राजेश्वरी म्हणाली, तोवर नदीवर चला, मी शिकवते पोहायला. ती मामाकडे विहिरीत कधीच शिकलीय. म्हटलं, तू दहावीचा अभ्यास कर. बापाला मुलीने शिकवणं बरं दिसत नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार. सासुरवाडी. सायंकाळी ६.
मोहीम फत्ते!!
पाणी घोट्याएवढं. सुरक्षिततेच्या दृष्टीने आदर्श. सासूबाईंनी ओवाळलं, आप्पासाहेबांनी नारळ फोडला आणि मी ट्यूबमध्ये बसलो. ट्यूबला दोन कासरे. ते धरून चुलत मेहुणे गुंडा आणि अर्जुना पाण्यातून चालत होते. अकरा ठिकाणी ट्यूब दगडावर बसली, अकराही वेळा त्यांनी माझ्यासकट उचलून पुढे ठेवली. गुंडा म्हणाला, पाव्हणं, वल्ही तरी खाली ठिवा, लय जड हायती. आप्पासाहेब शेजारून माझ्या डोक्यावर छत्री धरून चालले होते. राजेश्वरीच्या हातात माझ्या चपला. मध्यावर एक म्हैस बसली होती, ती उठेना. तिला वळसा घातला. एकूण वेळ पन्नास मिनिटं.

देवळापाशी दोन शब्द बोललो. म्हणालो, या ओढ्यातून आजवर कुणी गेलं नव्हतं. टाळ्या! आप्पासाहेब उपरणं तोंडाला लावून थरथरत होते, त्यांना भरून आलं असावं. सगळ्यात जोरात टाळ्या राजेश्वरीने वाजवल्या. मला दुसरं काय हवं होतं?
जयराजने जाताना त्याचा कॅमेरा सौ.कडे ठेवला होता. तिने भरपूर फोटो काढले. एक पेपरला पाठवणार आहे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. कराड.
रोल धुऊन आला. स्टुडिओतच पाकीट उघडलं. पहिले फोटो आताचे नव्हतेच.
पहिल्यात मी. सासुरवाडीच्या सोप्यात खाटेवर, तोंड उघडं, गाढ झोपलेला. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजलाय.
दुसऱ्यात ओढा. दोन्ही काठ भरलेला, पांढरा. ट्यूबवर राजेश्वरी, ओणवी, हातात साधी फळी, डोक्यावर माझं हेल्मेट. तिसऱ्यात ट्यूब दगडावरून उडालीय आणि ती ओरडतेय. खालच्या अंगाला जयराज कमरेएवढ्या पाण्यात, कमरेचा दोर आंब्याला बांधलेला, दोन्ही हात पसरून उभा. चौथ्यात ती देवळाच्या पायरीवर, चिंब भिजलेली. भोवती आप्पासाहेब, सासूबाई, सगळी भावकी.
मग माझे. छत्री. म्हैस.
स्टुडिओवाल्याने विचारलं, सर, हे दोन ओढे कुठले? एकच आहे म्हणालो.

घरी येऊन पाकीट राजेश्वरीपुढे ठेवलं. तिने एकेक फोटो बघितला. मग म्हणाली, तुम्ही ओढ्यातून गेल्यावर सांगणार होते. आधी पप्पा जाऊ देत, तोवर कुणी बोलायचं नाही, असं मीच सगळ्या गावाला बजावलं होतं. मला दर शनिवारी वाटायचं, उद्या पप्पा नक्की जातील.

फार वाईट वाटलं. तिला जवळ घेऊन काहीतरी म्हणायचं होतं. संध्याकाळभर बोललो नाही. सौ.ने घसा बसला का म्हणून विचारलं आणि मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. केल्या.